फुगडी पाटी-पेन्सिलीची

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुम्ही शेवटचं कधी खेळलात? लेकराला खेळवलं असेल, नातवामागं घास घेऊन पळाला असाल, ते सोडून द्या. स्वतःसाठी, हसून हसून पोट दुखेपर्यंत कधी खेळलात? बहुतेकींना पंचमीचा झोका आठवेल, आणि तोही माहेरचा. लग्न झालं, पदर खोचला की बाईचा खेळ संपला. "एवढी घोडी झाली तरी खेळतीय," हे वाक्य तर आपल्यातल्या प्रत्येकीनं कधी ना कधी ऐकलेलंच असतं.

पुरुषांचं तसं नसतं बरं का. पारावर पत्त्यांचा डाव रंगतो, तेव्हा तिथं कुणी वय विचारत नाही. बाईच्या खेळाला मात्र तिथी लागते. नागपंचमी, मंगळागौर, भोंडला अशा पंचांगानं दिलेल्या दिवशी खेळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपुढं. खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असं आपल्या मनावर इतकं बिंबलंय की त्याचा काही उपयोग असेल हे आपल्याला पटतच नाही.

मला मात्र ते पटलंय. पाचोडमध्ये आणि आसपासच्या वस्त्यांवर बचत गटाच्या बायकांबरोबर, प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत वावरताना पटलंय. मोठ्या माणसाला काही नवं शिकवायचं असेल, तर त्याला आधी खेळायला लावावं. बाकीचं आपोआप मागून येतं.

हात का थरथरतो?

आमचं पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात इथं मोसंबीचे ढीग लागतात. अशा ढिगापाशी निवडायला बसलेल्या बाईचा हात बघा. नुसत्या स्पर्शावरून ती फळाची प्रत सांगते. मजुरीचा, उचलीचा, उधारीचा सगळा हिशेब तिच्या तोंडावर असतो. एक रुपया इकडचा तिकडं होत नाही. आणि हीच बाई संध्याकाळी वर्गाला आली, हातात पेन्सिल दिली, की तिचा हात थरथरायला लागतो. "नगं वो ताई, आमाला काई जमंना. आता मसनात जायाचं वय झालं, आता काय शिकायचं!"

तिला बुद्धी नाही का? भरपूर आहे. तिला भीती वाटते, आणि ती अक्षरांची नसून हसण्याची असते. लहान लेकरू 'क' उलटा काढतं तेव्हा आपण कौतुकानं हसतो. चाळिशीच्या बाईनं तसाच 'क' काढला, तर शेजारीण पदराआड हसते. ते हसू तिच्या जिव्हारी लागतं आणि दुसऱ्या दिवशी ती वर्गाला येत नाही. निरोप येतो, "पाहुणे आलेत." तिसऱ्या दिवशी, "गुडघा दुखतोय." त्यानंतर निरोपही येत नाही.

खेळात नेमकं हेच टळतं. फुगडीत तोल गेला तर कुणी तिला नापास म्हणत नाही. उलट पडणारी आणि पाडणारी दोघी खो खो हसतात आणि पुन्हा हात धरतात. खेळात चुकीला दंड नसतो. चुकणं हा खेळाचाच भाग असतो. म्हणून माणूस पुन्हा पुन्हा करून बघतो, आणि पुन्हा पुन्हा करणं म्हणजेच शिकणं. एरवी एकच अक्षर वीस वेळा गिरवायला सांगितलं तर कंटाळा येतो. तेच अक्षर वीस वेळा शोधायचा डाव मांडला, तर "अजून एकदा, ताई" म्हणून बायका मागं लागतात.

आणि हा केवळ करमणुकीचा विषय नाही हो. आज बाईच्या नावावर गटाचं कर्ज निघतं, फायनान्सवाले दारात येतात, छापील कागदावर 'इथं सही करा' म्हणून बोट ठेवतात. २०२४ साली 'लाडकी बहीण' योजना आली आणि ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती, अशा बायकांच्याही खात्यात पैसे पडू लागले. खातं तिचं, पण मेसेज वाचणार पुतण्या आणि ओटीपी सांगणार शेजारचा पोरगा! तो भला असला तर ठीक, नाहीतर? न शिकण्याची किंमत आता अंगठ्यापुरती राहिलेली नाही. ज्या बाईला आपण एका हसण्यानं वर्गातून घालवून दिलं, तिला ही किंमत महिन्याच्या महिन्याला मोजावी लागते.

नाथांनी हे केव्हाच ओळखलं होतं

हे काही मी नवीन सांगतेय असं नाही. आमच्याच तालुक्याच्या गावी, पैठणला, सोळाव्या शतकात एकनाथ महाराजांनी मोठ्या माणसांची केवढी मोठी शाळा चालवली! नाथ संस्कृतचे पंडित. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावर ओवीबद्ध टीका लिहिली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. पण शेतात राबणाऱ्या, गुरं राखणाऱ्या, जात्यावर बसणाऱ्या माणसाला हे जड ज्ञान कसं द्यायचं? त्यांनी भारूड हाती घेतलं. वासुदेव, गोंधळी, जोशी, भुत्या, महारीण अशी नाना सोंगं आणली. विंचू चावल्याचा कल्लोळ आणला. एवढंच नाही, फुगडी, पिंगा, हमामा, हुतूतू असे रोजचे खेळसुद्धा भारुडात आणले. वरवर बघावं तर नुसती गंमत. हसता हसता माणूस थबकतो आणि म्हणतो, अरे, हा विंचू तर माझ्याच मनातला!

चारशेहून अधिक वर्षं झाली तरी भारूड टिकलंय, ते या गमतीमुळंच. आपल्याच जिल्ह्यातल्या सिल्लोड तालुक्यातले भारूडकार निरंजन भाकरे यांनी 'बुरगुंडा' गाजवला आणि त्याच सोंगातून व्यसनमुक्ती, स्वच्छता असे विषय लोकांच्या गळी उतरवले. २०२१ साली कोरोनानं त्यांना नेलं. पण त्यांचं भारूड ज्यांनी समोर बसून पाहिलं, त्यांना विचारा. भाषणातलं एक वाक्य आठवणार नाही, भारुडातलं सोंग मात्र आठवेल.

जुन्या मोक्षपटाचंही तसंच. आज ज्याला आपण सापशिडी म्हणतो, त्या खेळाचा हा जुना अवतार. त्यात सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप असायचा. कवड्या टाकता टाकता नीतीचा धडा मिळायचा.

आणि कामाचं म्हणाल, तर आपल्या आज्या-पणज्यांनी काम आणि खेळ वेगळे ठेवलेच नव्हते. पहाटे जातं ओढणं म्हणजे खांदे मोडायचं काम. त्या कामावर त्यांनी ओवी रचली. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती पुरी करायची, त्यातच सासूला टोमणा, भावाची वाट, विठ्ठलाशी भांडण. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांनी रचलेल्या लाखभर ओव्या! कष्टात खेळ मिसळला की काय निर्माण होतं, याला आणखी कोणता पुरावा हवा? पुढं गिरणी आली. खांद्याचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ओवीची जागा रिकामी राहिली, ती आपण कशानं भरली? मालिकांनी. मालिका नुसती बघायची असते, तिच्यात आपल्याला आपली ओळ टाकता येत नाही.

आजीबाई शाळेत निघाल्या

ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटंसं गाव आहे. ८ मार्च २०१६ ला, महिला दिनी, तिथं 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. गावात पोथी वाचली जाते, आपल्याला मात्र ती वाचता येत नाही, ही आज्यांच्या मनातली खंत. साठीच्या पुढच्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या. त्यांना गुलाबी नऊवारीचा गणवेश दिला, पाठीवर दप्तर, हातात पाटी. दुपारचं जेवण-खाण उरकलं की आजी शाळेला.

आता मला सांगा, नव्वदीतल्या आजीला गणवेश कशाला हवा? पाटीवर लिहायला तर अंगातलं लुगडंही चाललं असतं! पण तो गुलाबी रंग आणि ते दप्तर म्हणजेच खेळ आहे. लहानपणी जी शाळा शाळा खेळायला मिळाली नाही, ती आता खेळायची. सगळ्या सारख्याच रंगात, म्हणजे कुणी कुणाला हसायचं नाही. घरी नातवंडं आजीचा अभ्यास घेतात, हा आणखी एक उलटा डाव. गणवेशाचा खर्च हा वायफळ खर्च नव्हे, तो भीती घालवायचा खर्च आहे.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी गावोगावच्या साध्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार केलं. या बायका जामखेडला एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या, गाणी-गोष्टींतून शिकायच्या आणि गावी जाऊन तसंच शिकवायच्या. बाळंतपण, जुलाब, पोषण असे जीवन-मरणाचे विषय. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा अभ्यास करायला जगभरातून डॉक्टर यायचे, आणि त्या डॉक्टरांसमोर आपली नऊवारीतली बाई ठसक्यात बोलायची.

आणि वॉटर कप आठवतो ना? पाणी फाउंडेशननं २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत ही स्पर्धा घेतली. पुढं ती वाढत गेली आणि २०१९ पर्यंत चालली. समतल चर कसा काढायचा, उतार कसा मोजायचा, हे तसं इंजिनिअरचं काम. पण गावातल्या माणसांना खेळ, गाणी आणि फिल्म यांतून ते शिकवलं आणि वर ४५ दिवसांची गावागावांत स्पर्धा लावून दिली. पहिल्या वर्षी साताऱ्याकडचं वेळू गाव जिंकलं. एरवी 'श्रमदानाला या' म्हटलं की लोकांना शेतातली कामं आठवतात. डाव मांडल्यावर भर उन्हाळ्यात बायका कुदळ घेऊन डोंगरावर! सगळ्याच गावांचं पाणी वाढलं असं मी म्हणणार नाही, पण मोठी माणसं शिकत नाहीत ही समजूत मात्र तिथं पार खोटी पडली.

मोठमोठ्या विद्वानांचंही हेच. रिचर्ड फाइनमन हे अमेरिकेतले शास्त्रज्ञ. एकदा विद्यापीठाच्या खानावळीत कुणीतरी थाळी हवेत भिरकावली. ती गिरकी घेताना डुलत होती. फाइनमन त्या काळात कामाला कंटाळलेले होते. काही उपयोग नसताना, निव्वळ मौज म्हणून त्यांनी त्या डुलणाऱ्या थाळीचं गणित मांडलं. त्या मौजेतून कामाची गोडी परत आली आणि ज्या कामासाठी १९६५ चं नोबेल मिळालं, त्याची वाट या खेळातूनच निघाली, असं त्यांनीच सांगून ठेवलंय.

आमचे गावठी डाव

सध्या देशभर 'उल्लास' नावाचा साक्षरता कार्यक्रम चालू आहे. २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी १५० गुणांची चाचणी असते, महाराष्ट्रात ती पहिल्यांदा १७ मार्च २०२४ ला झाली. चाचणी म्हटलं की बायकांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आम्ही काही डाव शोधून काढलेत. सांगते, तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिला डाव एसटीचा. पुठ्ठ्यावर गावांची नावं लिहायची, पाचोड, पैठण, अंबड, जालना, बीड, गेवराई. एक बाई ड्रायव्हर, एक कंडक्टर. पाटी बदलली की ज्या बाईला त्या गावाला जायचंय तिनंच चढायचं. चुकून बीडच्या गाडीत चढली की सगळ्या ओरडतात, "उतर माय, सासर राहिलं मागं!" 'प'ला काना कुठं आणि दोन मात्रा कुठं हे शिकवावं लागत नाही. पाचोड आणि पैठण यांतला फरक तिला कळलाच पाहिजे, कारण एक सासर आहे आणि एक माहेर!

दुसरा डाव उखाण्याचा. आमच्या वर्गातल्या एका साठीच्या मावशींनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलेलं नव्हतं, उखाण्याशिवाय. मी म्हटलं, "मावशी, नाव घ्यायचं नाही ना? मग लिहा की!" आधी लाजल्या, मग चार दिवस त्या तीन अक्षरांच्या मागं लागल्या. पाटीवर नाव उमटलं तेव्हा त्यांनी पाटी पदराखाली झाकली, आणि मग सगळ्यांचा आग्रह झाल्यावर उखाणा रचूनच दाखवली,

"मोसंबीच्या बागेला पाणी सोडलं मोटारीनं,
धन्याचं नाव लिहिलं आज माझ्याच बोटानं!"

तिसरा डाव रुपयाचा. ज्यांच्याकडं मोबाइल आहे त्या गोल बसतात. पहिलीनं दुसरीला एक रुपया पाठवायचा, दुसरीनं तिसरीला, असा तो रुपया फिरून परत पहिलीकडं यायला हवा. मध्येच अडकला की सगळ्या शोधतात, कुठं थांबला. एका रुपयाची जोखीम, त्यामुळं भीती नाही. पण पैसे पाठवायचे कसे, आलेले बघायचे कसे, पिन कुणाला दाखवायचा नाही, सगळं त्यात येतं.

आणि चौथा, बायकांच्या सगळ्यात आवडीचा, 'साहेबाचा फोन'. एकीनं आवाज बदलून बँकेचा साहेब व्हायचं. "मॅडम, आपलं खातं बंद होणार आहे, आलेला नंबर सांगा." दुसरीनं काहीही झालं तरी नंबर सांगायचा नाही. साहेब गोड बोलतो, धमकावतो, लॉटरी लागली म्हणतो, पोलिसांचं नाव घेतो. आमच्या बायका साहेबाचं सोंग असं वठवतात की नाथांनीसुद्धा शाबासकी द्यावी! काही दिवसांनी एका बाईला खरोखरच असा फोन आला. तिनं काय करावं? "साहेब, तुमच्यापेक्षा आमची शांताक्का चांगलं बोलती," म्हणाली आणि फोन ठेवून दिला. खात्यात किती पैसे होते ते महत्त्वाचं नाही. ते तिच्या कापूस वेचणीचे होते.

या साऱ्याला खर्च किती? पुठ्ठे, खडू, चिंचोके. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे वापरून विज्ञानाची खेळणी केली, त्यांना २०१८ ला पद्मश्री मिळाली. खेळाला महागडं साहित्य लागत नाही, हे त्यांनी देशाला दाखवलंय.

खेळ कोणता, हेही बघा

पण बायांनो, खेळ म्हटला की सगळंच चांगलं असं नाही हं. संगीतखुर्चीचंच घ्या. जिचे गुडघे दुखतात ती पहिल्या फेरीतच बाद. मग तासभर कडेला बसून टाळ्या वाजवायच्या. 'बाद' करणाऱ्या खेळात जिला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तीच सगळ्यात आधी बाहेर पडते. शिकण्यासाठी खेळ हवेत ते सगळ्यांना घेऊन जाणारे. फुगडीत, झिम्म्यात कुणी बाद होत नाही. दमली की थांबते, दम आला की परत येते.

निवडणुका जवळ आल्या की गावोगाव पैठणीचे खेळ रंगतात. पैठणी तर आमच्या पैठणचीच, तिचं अप्रूप आम्हाला नाही असं कसं म्हणू? आणि एरवी घुंगटातली सून त्या निमित्तानं स्टेजवर येते, माइक हातात घेते, हेही काही थोडं नाही. पण माइकवर तिला विचारतात काय, तर नवऱ्याचं नाव आणि आवडती भाजी. त्याच स्टेजवर कुणी तिला ग्रामसभेचा ठराव वाचायला लावला तर? खेळ तोच, पैठणीही तीच, पण बाई चार पावलं पुढं जाईल.

आणखी एक. आपल्या कितीतरी खेळांना कुंकवाची अट आहे. जिचा नवरा गेला, तिच्या वाट्याची फुगडीही गेली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, पुढं शासनानंही इतर गावांना तसं आवाहन केलं. ठराव चांगलाच. पण तो अंगणात उतरायला हवा. वर्गातल्या खेळाची हीच मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. तिथं कुणाच्या कपाळाकडं बघून हात धरला जात नाही. कितीतरी वर्षांनी एखादी बाई फुगडीचा फेर धरते तेव्हा तिच्या डोळ्यात जे पाणी येतं, ते कोणत्या चाचणीत मोजणार?

कामाचं ओझं असताना खेळाला वेळ कुठून काढायचा, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण मी वेगळा वेळ काढा म्हणतच नाही. बचत गटाची मीटिंग तशीही होते, तिथं हप्त्याच्या हिशेबाला दहा मिनिटं डाव जोडा. अंगणवाडीत आयांची बैठक असते, तिथं पोषणाचं भाषण करण्याऐवजी बायकांनाच डॉक्टर आणि सासू होऊ द्या. घरी सासूबाईंना मोबाइल शिकवताना "किती वेळा सांगू" असं म्हणण्याऐवजी त्यांच्या बहिणीला रोज एक फोटो पाठवायची पैज लावा. ऑफिसात नवी मुलगी कॉम्प्युटरला घाबरत असेल, तर पहिले दोन दिवस तिला चुकायची मोकळीक द्या, अगदी बोलून द्या.

आणि एवढं एकच पाळा. शिकणाऱ्या बाईला हसायचं नाही, तिच्याबरोबर हसायचं. या दोन्हींत वरवर फार फरक दिसत नाही. पण पहिल्यानं बाई वर्गातून उठून जाते, आणि दुसऱ्यानं ती उद्या येताना शेजारणीलाही घेऊन येते.